एब्रोच्या दऱ्यांतून सायकलने: रेइनोसा ते मिरांदा, पाच दिवसांचा बेत

उत्तर स्पेनमध्ये कांताब्रियाच्या डोंगरात उगम पावलेली एब्रो नदी बुर्गोस प्रांतात शिरते ती चुनखडीचं पठार चिरत. या पठाराला तिथे ‘पारामो’ म्हणतात. उंची ९०० ते १,०५० मीटर, झाडं तुरळक, गव्हाची शेतं आणि सतत वारा. नदी मात्र दीड-दोनशे मीटर खाली, कड्यांच्या तळाशी. इथे सायकल नेणाऱ्याने पहिली गोष्ट डोक्यात पक्की करावी ती ही, की किलोमीटर मोजू नका, पूल मोजा. पठारावरून पुलापर्यंत उतरलात की पलीकडे तेवढंच चढायचं. रेइनोसा साधारण ८५० मीटरवर आहे आणि मिरांदा दे एब्रो ४७० मीटरच्या आसपास. म्हणजे नदी या टप्प्यात ४०० मीटरही उतरत नाही. सायकलस्वाराची चढाई मात्र त्याच्या कितीतरी पट होते, कारण दरीच्या सगळ्यात अरुंद भागात नदीकाठी रस्ताच नाही, असली तर पायवाट आहे.

बहुतेकांचा बेत इथेच फसतो. मोबाइलवरचं मार्ग आखणारं अॅप ‘सायकल’ म्हटलं की नदीकाठची जीआर-९९ ही पायवाट सुचवतं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणांची ही वाट फोंतिब्रेच्या उगमापासून समुद्रापर्यंत जाते आणि चालणाऱ्यांसाठी ती फार सुंदर आहे. पण वाल्देलातेखा ते पेस्केरा या गावांदरम्यान ती अरुंद आहे, मुळं आणि दगड आहेत, मध्येच खांद्याएवढ्या झुडपांतून जाते. पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या, लावलेली सायकल तिथे ढकलतच न्यावी लागते. म्हणून मार्ग आखल्यावर प्रत्येक तुकडा उपग्रहचित्रावर मोठा करून बघा. डांबर किंवा निदान गाडीवाट दिसत नसेल तर तो तुकडा काढून टाका. स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे १:२५,००० नकाशे मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा, दरीच्या तळाशी नेटवर्क जातं.

कधी जावं

मेच्या मध्यापासून जूनअखेर, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर दुपारी सावली मिळत नाही, आणि ऑगस्टमध्ये गावोगावी जत्रा असल्याने खोल्या आधीच भरलेल्या असतात. एप्रिलमध्ये धबधबे भरलेले असतात खरे, पण पठारावर तेव्हा थंडीही असते आणि चिखलही. जूनमध्येसुद्धा रात्री गारठा पडतो, तेव्हा एक पातळ डाउन जॅकेट आणि बोटं झाकणारे हातमोजे हवेतच. सकाळी थंडगार पठारावरून दरीत उतरताना हातमोजे नसतील तर बोटं बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही.

उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-पाऊस होतो. उघड्या पठारावर तुम्ही आणि सायकल हीच सगळ्यात उंच वस्तू असता. दिवसातला पठाराचा भाग दुपारी दोनच्या आत संपेल असा बेत आखा.

भारतातून जाताना

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावा लागतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना सायकल चालवताना झालेला अपघात त्यात धरला आहे का, हे लेखी विचारा, पुष्कळ पॉलिसींमध्ये तो ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेला असतो.

रेइनोसा आणि मिरांदा ही दोन्ही रेल्वेस्थानकं असल्यामुळेच हा मार्ग सोयीचा आहे. रेइनोसा पालेन्सिया-सांतान्देर लोहमार्गावर आहे, मिरांदा मोठं जंक्शन आहे. मध्यम पल्ल्याच्या प्रादेशिक गाड्यांत सायकल जोडलेली नेता येते, पण जागा मोजक्याच असतात. तेव्हा तिकीट काढतानाच सायकलचं तिकीटही काढा. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत सायकल सुटी करून साधारण १२० × ९० × ४० सेमीच्या पिशवीत घालावी लागते. पूर्ण पुठ्ठ्याच्या खोक्यातली सायकल या मापात बसत नाही. माद्रिदला उतरून खोकं तिथल्याच हॉटेलात ठेवायचं, सायकल जोडायची आणि पुढे प्रादेशिक गाडीने रेइनोसा गाठायचं, हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग. गॅसची डबी आणि दाबाखालच्या हवेची काडतुसं विमानात नेण्याच्या भानगडीत पडू नका. स्क्रूची गॅस डबी माद्रिद किंवा सांतान्देरच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात मिळते, आणि स्पिरिटची चूल असेल तर ‘आल्कोहोल दे केमार’ नावाचं इंधन किराणा दुकानातही मिळतं.

सायकल कशी हवी

रस्ते बहुतेक डांबरी आहेत, पण मध्ये मध्ये पांढऱ्या खडीची शेतवाट येते. त्यामुळे ४० ते ४५ मिमी रुंदीचे टायर योग्य. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो होत असतील तर ४२ मिमीच्या टायरात पुढे ३५ आणि मागे ४२ पीएसआयच्या आसपास हवा ठेवून सुरुवात करा. मागच्या टायरात हवा कमी पडली तर खडीच्या टोकदार कडेवर ट्यूब चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ती जोडी दिसली की समजा, काटा नव्हता, हवा कमी होती. ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब नसलेला टायर, असेल तर निघण्याआधी भोकं बुजवणारं ताजं सीलंट भरा, प्रत्येक चाकात ८० ते १०० मिली. खालच्या उबदार खोऱ्यांत सराटे आहेत, आपल्या माळावर असतात तेच, आणि शेताच्या कडेला कुंपणं छाटल्यावर काटेरी फांद्या वाटेवर पडलेल्या असतात.

खरी कळ गिअरमध्ये आहे. सगळ्यात हलका गिअर एकापेक्षा कमी गुणोत्तराचा हवा. पुढे ३० दाती आणि मागे ३६ दाती चक्र असेल तर गुणोत्तर ०.८३. चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर पेडलच्या एका फेरीला १.८३ मीटर अंतर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेसहा किमी. २०० मीटर उंचीचा चढ सरासरी ६ टक्क्यांचा असेल तर तो ३.३ किमीचा झाला, म्हणजे अर्धा तास. दिवसात असे तीन पूल असतील तर दीड तास केवळ चढण्यात जातो, थांबे वेगळे. पुढे ४६-३० आणि मागे ११-२८ अशी रस्त्याची सायकल घेऊन गेलात तर सामानासकट गुडघे दुखणारच. घरून निघण्याआधी पूर्ण सामान लावून ताम्हिणी किंवा वरंधा घाट चढून बघा. सामानाशिवाय केलेला सराव इथे उपयोगी पडत नाही, कारण कमी वेगात जड सायकल सरळ ठेवणं हे वेगळंच कसब आहे.

सामान १२ ते १५ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. सुटे भाग मात्र कमी करू नका. दोन ट्यूब, टायर फाटल्यास आतून लावायचा तुकडा, चेनचे दोन जोड, मागच्या चाकाचे योग्य लांबीचे दोन स्पोक, ब्रेक पॅडची एक जोडी आणि गिअर हँगर. हँगर हा गिअरचा यंत्रभाग फ्रेमला जोडणारा छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा. विमानात खोकं आपटलं की तोच वाकतो, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्यामुळे स्पेनमधल्या गावात तो मिळण्याची आशा नाही. घरूनच न्या.

कॅरिअरचे एम-५ बोल्ट रोज संध्याकाळी हाताळा. खडीवर ते हळूहळू सैल होतात, आणि आधी आवाज येतो तो बारीक किरकिरीचा, पेडलच्या लयीशी न जुळणारा. तो ऐकूनही पुढे गेलात तर बोल्ट आत मोडतो आणि मग फ्रेममधून तो तुकडा काढायला यंत्रशाळा लागते. निघतानाच आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब लावा.

पाणी, दुकानं आणि पोट

जवळजवळ प्रत्येक गावात ‘फुएन्ते’ म्हणजे सार्वजनिक कारंजं असतं. ‘आग्वा पोताब्ले’ म्हणजे पिण्याजोगं. ‘नो पोताब्ले’ म्हणजे नाही. ‘सिन गारांतिया सानितारिया’ किंवा ‘नो त्रातादा’ असेल तर पाणी प्रक्रिया न केलेलं. गावकरी ते पितात, तुम्ही गाळून किंवा गोळी टाकून प्या. पाटीच नसेल तर घरात नळाचं पाणी मागून भरून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. नदी दिसत असली तरी ती दोनशे मीटर खाली असते, त्यामुळे पठारावर चढताना तीन लिटर सोबत हवेतच.

छोट्या गावात दुकान नसतंच. जिथे आहे तिथे साधारण दहा ते दोन आणि पाच ते आठ, रविवारी बंद. दुपारी दोनला पोहोचून ‘जरा विसावा घेऊन मग सामान घेऊ’ म्हणालात तर पाचपर्यंत उपाशी. काही गावांत पावाची गाडी येते, भोंगा वाजवते आणि पाच मिनिटांत निघून जाते. कोणत्या दिवशी, किती वाजता हे बारमध्ये विचारून ठेवा. शनिवारी दुपारीच दीड दिवसाचं अन्न सोबत असेल असं बघा.

शाकाहारी लोकांनी थोडं सावध राहावं. बुर्गोसची प्रसिद्ध मोर्सिया म्हणजे रक्त आणि तांदळाचं सॉसेज. लसूण-पावाच्या सूपमध्ये हॅम असतो, मसुरीच्या आमटीत चोरिसो हे डुकराच्या मांसाचं सॉसेज, आणि ‘मिक्स सॅलड’वर ट्यूना. मागताना ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून’, म्हणजे मांस, हॅम आणि ट्यूना नको, असं तिन्ही सांगा. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर हॅम येऊ शकतो. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, सगळीकडे मिळते. वाल्देर्रेदिब्ले खोऱ्याचा बटाटा नावाजलेला आहे, बुर्गोसचं ताजं पांढरं चीज पावावर छान लागतं. किराणा दुकानात काचेच्या बरणीत शिजवलेले छोले मिळतात, निथळून ४०० ग्रॅम. कांदा-टोमॅटो चिरून, वर ऑलिव्ह तेल आणि सोबत आणलेला मसाला टाकला की दोघांचं जेवण होतं. खानावळीत दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊच्या पुढे. सायकलवाल्याला परवडतं ते दुपारचं ‘मेनू देल दिया’, म्हणजे त्या दिवसाचं ठरावीक जेवण. तेच मुख्य जेवण करा आणि रात्री पाव-चीज खाऊन झोपा.

मार्ग, दिवसागणिक

पहिला दिवस, रेइनोसा ते पोलिएंतेस, कोणता रस्ता धरता त्यावर ४० ते ५० किमी. उगमाचं फोंतिब्रे गाव रेइनोसापासून अगदी जवळ आहे, सकाळी सामान खोलीवर ठेवून जाऊन या. पुढे वाल्देर्रेदिब्लेचं रुंद खोरं लागतं. इथे खडकात कोरलेली चर्च आहेत. सांता मारिया दे वाल्वेर्देसाठी वाट वाकडी करावी लागते, पण वेळ असेल तर जरूर करा. आपल्या लेण्यांची सवय असलेल्या डोळ्यांना मऊ खडकातली ही कोरीव कमान ओळखीची वाटते.

दुसरा दिवस या सफरीतला सगळ्यात श्रीमंत. पोलिएंतेसहून नदीकाठी निघालं की बाराव्या शतकातलं सान मार्तिन दे एलिनेसचं चर्च लागतं. त्यापुढे खोरं आवळत जातं आणि साधारण २० किमीवर ओर्बानेखा देल कास्तियो येतं. गाव कड्याच्या पायरीवर वसलंय आणि गावाच्या मधोमध एका गुहेतून निघालेलं पाणी घरांमधून वाहत रस्त्याच्या कडेला कोसळतं. पाण्यातला विरघळलेला चुना साचून तिथे स्पंजासारखा सच्छिद्र दगड बनला आहे, शेवाळ त्याच्यावर आणि दगड पुन्हा शेवाळावर, अशा थरांनी. खालच्या कुंडांच्या कडा त्याच्याच आहेत, दिसायला टणक पण ठिसूळ. त्यावर पाय देऊ नका. वरच्या गावात पायऱ्या आहेत, सायकल खाली कुलूप लावून ठेवा आणि मौल्यवान पिशवी सोबत न्या. शक्य तर सकाळी दहाच्या आत पोहोचा, सुट्टीच्या दिवशी नंतर गाड्यांची रांग लागते. उन्हाळा संपता संपता पाणी रोडावतं, हेही लक्षात असू द्या.

एस्कालादा गावानंतर एन-६२३ हा बुर्गोस-सांतान्देर महामार्ग घ्यावा लागतो. कडेच्या पट्ट्यातून चालवा, मागचा दिवा दिवसाही सुरू ठेवा. वाल्देलातेखाजवळ रुद्रोन नदी एब्रोला मिळते. एब्रो इथून पूर्वेला दरीत शिरते आणि रस्ता तिची साथ सोडून रुद्रोनच्या काठाने कोबानेराला जातो. कोबानेराहून पोसो आसुल, म्हणजे निळ्या डोहाकडे, थोडं चालत जा. ते पाण्याखालच्या लांबलचक गुहेचं तोंड आहे आणि पाणी भर उन्हाळ्यातही झोंबणारं थंड. मुक्कामाला सेदानो सोयीचं. तिथवर दिवसाचे साधारण ४५ किमी होतात.

तिसऱ्या दिवशी सेदानोहून दगडी वाड्यांच्या पेस्केरा दे एब्रोला उतरा. दारांवरच्या कोरीव कुलचिन्हांसाठी गल्ल्यांतून चालत एक फेरी माराच. पाणी इथे भरा, कारण आता पूल ओलांडून पठारावर चढायचं आणि दोब्रोच्या दिशेने उघड्यावरून जायचं आहे. पुढे ला मासोर्रा हा १,००० मीटरच्या आसपासचा घाट येतो आणि वाल्देनोसेदापर्यंत लांब वळणावळणाचा उतार. या उतारावर चूक एकच होते: ब्रेक सतत हलका दाबून ठेवणं. पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात, चीत्कारतात आणि पकडत नाहीत. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवा, मग पूर्ण सोडा आणि वळा. घाटमाथ्यावरच पॅड तपासा. घासणारा थर १ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर तिथेच बदला. खाली वाल्दिविएल्सो खोरं हिरवंगार, फळबागांचं. मुक्काम पुएन्ते-आरेनासच्या आसपास करा आणि संध्याकाळच्या उन्हात सान पेद्रो दे तेखादाचं बाराव्या शतकातलं देखणं चर्च बघा.

चौथा दिवस सोपा. खोऱ्यातून ओन्या, तिथला १०११ मध्ये स्थापन झालेला मठ, मग ओरादादाची खिंड आणि त्रेस्पादेर्ने. या खिंडीतून पूर्वी सांतान्देर-मेदितेर्रानेओ रेल्वे जात असे. नाव असूनही ती सांतान्देरला कधी पोहोचलीच नाही आणि १९८५ मध्ये बंद पडली. तिच्या काही तुकड्यांवर आता ‘विआ वेर्दे’, म्हणजे सायकल-पादचारी वाट आहे. जिथे मिळेल तिथे ती घ्या, आगगाडीचा चढ कधी तीव्र नसतो. बोगद्यात मात्र दिवा लागतो, आणि उन्हाचा काळा चष्मा काढायला विसरू नका. संध्याकाळी फ्रीआस. १४३५ मध्ये राजाकडून ‘शहर’ हा किताब मिळालेलं, आज तीनशेपेक्षा कमी वस्तीचं गाव, खडकाच्या टोकावर किल्ला आणि खाली बुरुज असलेला मध्ययुगीन पूल. पुलापासून गावापर्यंतचा चढ छोटा पण उभा आहे, आधीच हलका गिअर टाका.

पाचवा दिवस सोब्रोनच्या खिंडीतून मिरांदा, साधारण ४५ किमी. इथला रस्ता कड्याला खेटून पाण्याच्या काठाने जातो आणि बोगदे आहेत.

पावसानंतरची चिकणमाती

पठारावरच्या शेतवाटा कोरड्या असताना सिमेंटसारख्या कडक, आणि पाऊस पडून गेला की पहिल्या पावसातलं काळं रान जसं चाकाला बिलगतं तशा. चाकाची एक-एक फेरी थर वाढवते. मडगार्ड असेल तर पन्नास मीटरमध्ये चाक थांबतं. तशातच पेडलवर जोर दिला तर मातीत अडकलेला गिअरचा भाग चेनसोबत वर ओढला जातो आणि हँगर मोडतो. माती चिकटू लागली की लगेच उतरा, उचलून गवतावर या, काडीने माती काढा आणि सरळ डांबराकडे परत फिरा. ऊन-वाऱ्यात ही वाट वाळायला अर्धा दिवस पुरतो कधी, कधी पूर्ण दिवसही जातो. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी शेतवाटांचा विचारच सोडा.

नियम

शहराबाहेर हेल्मेट सक्तीचं. रात्री किंवा कमी उजेडात दिव्यांसोबत अंगावर चमकणारं जाकीट लागतं. हेडफोन लावून चालवता येत नाही, आणि दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. गाड्यांनी ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि बहुतेक जण ते खरंच ठेवतात. आपल्याकडून गेलेला माणूस मागून गाडी आली की सवयीने खडीत उतरतो. तसं करू नका, सरळ रेषेत चालवत राहा. अचानक बाजूला होणंच धोक्याचं.

ओर्बानेखा ते पेस्केरा हा भाग २००८ मध्ये घोषित झालेल्या नैसर्गिक उद्यानात येतो. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, चूल-शेकोटी तर नाहीच. अधिकृत कॅम्पिंग किंवा ‘कासा रुराल’ म्हणजे गावातलं घर धरा. कड्यांवर ग्रिफन गिधाडांची घरटी आहेत, ड्रोन घरीच ठेवा. अडचणीत ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावा आणि कोणत्या गावाहून कोणत्या गावाकडे निघाला होतात ते सांगा.

मिरांदाला पोहोचल्यावर

पुढची गाडी वेगवान असेल तर सायकल पिशवीत घालावी लागेल, त्यासाठी एक तास हाताशी ठेवा. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणून गिअरचा भाग आतल्या बाजूला घ्या, मग चाकं काढा. फ्रेमच्या फाट्यांत पुढे-मागे लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा अडकवा, नाहीतर दबून ते चपटे होतात. डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊन बसतात. पेडल काढताना उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं उलट्या आट्याचं, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. आणि टायरवरचा चिखल स्थानकाबाहेरच झाडून घ्या.